चिखलातली गाडी आणि आप्पांची राळ

इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, असं पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मी पाय अजून दाबला. आवाज वाढला, मागून जळक्या रबराचा वास आला, आणि चाकं तशीच चिखलात उभी. बांधावरून सगळे हात हलवून काहीतरी सांगत होते. हेल्मेटमुळे मला शब्द कळत नव्हते. शेवटी समोरचं लाल बटण दाबून मी इंजिन बंद केलं आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. पाटाचं पाणी, लांबची टिटवी, आणि आमच्या टीमचा कॅप्टन. तो म्हणत होता, "बेल्ट स्लिप होतोय, पाय काढ."

ती गाडी आम्ही कॉलेजात बनवली होती. लोखंडी पाइप वाकवून, जोडून केलेला सांगाडा, चार मोठी खाचांची चाकं आणि एकच सीट. एटीव्ही म्हणतात तिला. ती रस्त्यासाठी नसते. चिखल, दगड, पाणी यांतून जाण्यासाठीच ती असते, आणि कॉलेजा-कॉलेजांत तिच्या स्पर्धा होतात. मी टीममध्ये आले तेव्हा माझं काम पाइपांवरचा गंज घासणं हे होतं. मला ते आवडायचं, कारण घासताना कुणाशी बोलावं लागत नाही. पुढं ड्रायव्हर निवडायची वेळ आली तेव्हा कॅप्टननं सगळ्यांना मेसमधल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं. ड्रायव्हर जितका हलका तितकी गाडी हलकी, एवढाच हिशोब. माझं वजन सगळ्यांत कमी भरलं. मला गाडी चालवता येते का, हे त्यानंतर विचारलं. मी म्हणाले, गावाकडं वडिलांची, आप्पांची, मोपेड चालवते. सगळे हसले, पण चांगलं हसले.

चाचणीची जागा फलटणजवळ होती. टीममधल्या एका मुलाच्या मामांचं तिथं उसाचं रान आहे. ऊस कारखान्याला गेल्यावर एक तुकडा मोकळा पडला होता. मामांनी त्यात पाटाचं पाणी सोडलं, ट्रॅक्टर फिरवला आणि आम्हाला गुडघाभर चिखल तयार करून दिला. मामा फौजेतून निवृत्त झालेले. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून ते आमची गंमत बघत बसायचे. गाडी रुतली की म्हणायचे, "ह्यात आमचा टँकबी रुतला आसता. लाजताय कशाला?" आणि पोरं ढकलायला उतरली की, "ह्यास्नी गाडी बनवता येती, ढकलता येत न्हाई."

मी चिखल असा कधी पाहिला नव्हता. आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. तिथं पाऊस झाला तरी जमीन तो लगेच पिऊन टाकते, आणि पाय माखेल इतका चिखल झालाच तर लोक कौतुकानं बघायला उभे राहतात.

त्या बेल्टचं, म्हणजे पट्ट्याचं, सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. या गाडीत हातानं गिअर टाकायचे नसतात. इंजिनाच्या बाजूला एक पुली, चाकांच्या बाजूला दुसरी, आणि दोन्हींमध्ये एक रुंद रबरी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन तबकड्या. इंजिन जोरात फिरलं की त्याच्याकडच्या तबकड्या जवळ येतात, पट्टा चिमटीत सापडतो आणि वर वर चढत जातो, म्हणून गाडी वेग घेते. इंजिन हळू झालं की तबकड्या लांब होतात, पट्टा सुटा होतो आणि गाडी थांबते. हे सगळं एका डब्यात बंद असतं. डब्यात हवा खेळायला एक तोंड ठेवावं लागतं, नाहीतर पट्टा तापतो. आमच्या गाडीत पाणी त्याच तोंडातून आत जात होतं. ओला पट्टा तबकड्यांवर धरत नाही. नुसता घासतो, तापतो आणि जळतो.

असं झालं की मी चिखलाच्या मध्यभागी बसून राहायचे. सीटच्या पट्ट्यांनी पाच ठिकाणी बांधलेली, हेल्मेट घातलेली, हातमोजे चिखलानं जड झालेले. बाकीचे बांधावर एकमेकांशी बोलायचे: तोंड वर घेऊ, सिलिकॉन लावू, भोक पाडून पाणी काढू. मी त्यांना बघत असायचे. कुणी मला वगळत नव्हतं. गाडीच एका माणसाची होती. पण खरं सांगायचं तर बांधावर असतानाही मला तसंच वाटायचं. ते बोलायचे आणि मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. टीमच्या ग्रुपवर मी मेसेज लिहायचे, वाचायचे आणि पुसून टाकायचे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. याचं गावाला कौतुक आहे आणि मलाही आहे. पण पहिल्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती कुणी आधी सांगितली नव्हती. घरी फोन केला की बोलायला काही नसायचं. आईचं विचारणं ठरलेलं, माझं सांगणं ठरलेलं. मग आप्पा फोन घ्यायचे, "बरं हाय न्हवं?" म्हणायचे, मी "हो" म्हणायचे, आणि दोघंही थांबायचो. काय विचारावं हे त्यांना माहीत नव्हतं आणि काय सांगावं हे मला. माझ्या खोलीतली मुलगी तिच्या वडिलांशी पेपरातल्या एकेका प्रश्नावर वाद घालायची. ते इंजिनिअर आहेत. ती चिडून फोन ठेवायची तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा.

त्या पहिल्या चाचणीनंतर संध्याकाळी मी फोन केला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाले, "आप्पा, आमच्या गाडीचा पट्टा घसरतोय."

पलीकडं आप्पांचा आवाजच बदलला. "पट्टा? कसला पट्टा? चपटा का व्ही?"

आप्पांची पिठाची गिरणी आहे. मोटर एका भिंतीला, जातं दुसऱ्या बाजूला, मध्ये लांब चपटा पट्टा. त्यांचं सगळं आयुष्य त्या पट्ट्याच्या शेजारी गेलंय. मी सांगितलं, व्हीसारखाच आहे पण रुंद. ढिला नाही, ओला होतो.

"वल्ला पट्टा काय वढतोय," आप्पा म्हणाले. "राळ लाव की त्याला."

राळ म्हणजे झाडाचा वाळलेला डिंकासारखा चीक. पिवळे, काचेसारखे खडे असतात. आमच्या गिरणीत ते कुटून पत्र्याच्या डबीत ठेवलेले असतात. पावसाळी हवेत पट्टा घसरायला लागला की आप्पा चालत्या पट्ट्यावर चिमूटभर भुकटी सोडतात. पट्टा कुरकुरतो आणि धरतो. आमच्या भागात जिथं जिथं पट्ट्यावर चालणारं काही आहे, गिरणी, मळणी, कडबाकुट्टी, तिथं हेच करतात. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पट्टा घसरला की हात डबीकडं जातो.

त्या दिवशी आम्ही किती वेळ बोललो ते मी बघितलं नाही. पण आईनं मागून दोनदा जेवायला हाक मारली. मग रोज तेच सुरू झालं. पुली केवढी, लोखंडाची का आणखी कशाची, पट्टा आतून गुळगुळीत झालाय का खरबरीत आहे. मी कॉलेजात जाऊन बघायचे आणि संध्याकाळी सांगायचे. आप्पाही सांगायचे. त्यांच्या उजव्या हातावर कोपराजवळ एक लांब व्रण आहे. तो मी लहानपणापासून बघत आलेय. पट्टा तुटून बसलेल्या फटक्याचा तो आहे, हे मला त्या फोनवर कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी कॅप्टनला एकदा विचारलं, पट्ट्याला काही लावतात का. तो डब्यात डोकं घालून बसला होता. वर न बघता म्हणाला, "काही नाही. एकदम ड्राय पाहिजे. बोटाचं तेलही लागू द्यायचं नाही." मी हे आप्पांना सांगितलं, की इथं काहीच लावत नाहीत म्हणे.

"कंपनीवालं तसंच सांगत्यात," आप्पा म्हणाले. "त्यास्नी नवा पट्टा इकायचा आसतोय."

मी त्यावर वाद घातला नाही. खोलीतल्या मुलीसारखा मला तो घालता येत नव्हता. आणि दुसरंही एक होतं. पट्टा नीट व्हावा असं मला वाटत होतं, पण तो नीट झाला की आप्पांशी काय बोलायचं, हेही मनात यायचं. दोन वर्षांत आमच्यामध्ये पहिल्यांदा एक वस्तू आली होती, जिचं नाव दोघांनाही माहीत होतं. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

पुढची चाचणी एका गुरुवारी ठरली. कॉलेजला सुट्टी होती. आमच्या गावात गुरुवारी दिवसभर लाईट नसते, म्हणून गिरणीही बंद. आप्पा म्हणाले, "यीन म्हणतो बघायला." मी हो म्हणाले आणि मग रात्री नीट झोप लागली नाही.

ते पहाटेच्या एसटीनं निघून, गाड्या बदलत आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर टोपी. त्यांना असे स्वच्छ कपडे घातलेले बघायची मला सवय नाही. गिरणीत ते भुवयांपर्यंत पिठानं पांढरे असतात. हातात पिशवी होती. त्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि कागदाच्या पुडीत राळ. पुडी त्यांनी मला बाजूला घेऊन दाखवली. मी म्हणाले, "आप्पा, बहुतेक नाही चालत ह्याला. मी परत विचारते." ते म्हणाले, "इचार की."

कॅप्टनला ते "सर" म्हणाले. तो माझ्याहून एक वर्षानं मोठा आहे. तो गडबडला, "अहो काका, सर काय म्हणता," म्हणाला, आणि त्यांना मामांच्या शेजारी खुर्ची दिली. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. ते बांधाच्या कडेला उभं राहून पाण्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मामांना विचारलं, "हे पाणी मुद्दाम सोडलंय?"

"व्हय. पोरांच्या गाडीसाठी."

"चिखल करायला?"

"व्हय की."

आप्पा परत पाण्याकडं बघायला लागले. मला उगाच त्या पाण्याची लाज वाटली.

सकाळची पहिली फेरी झाली. डब्याचं तोंड पाइप जोडून वर घेतलं होतं, तरी दुसऱ्या खेपेला पट्टा ओला झालाच. पाणी झाकणाच्या फटीतून येतंय असं ठरलं. गाडी बांधावर ओढून घेतली, झाकण उघडलं, पट्टा आणि तबकड्या कापडानं पुसल्या आणि उन्हात सुकायला ठेवल्या. तेवढ्यात मामांच्या घरून चहा आला, म्हणून सगळे विहिरीकडच्या झाडाखाली गेले. मीही गेले. आप्पा म्हणाले, मी पितो नंतर.

मी कॅप्टनला राळेचं विचारणार होते. चहा पिताना तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मी त्याच्या बाजूला उभी राहिले. बोलणं संपलं तेव्हा त्यानं घड्याळ बघितलं आणि चला म्हणाला.

परत आलो तेव्हा आप्पा गाडीपासून चार पावलं लांब, हात मागं बांधून उभे होते. दुसऱ्या मुलांनी झाकण लावलं, नवीन रबर बसवलं, बोल्ट आवळले. मी आत बसले.

पहिला झटका असा बसला की माझं डोकं मागं आपटलं. गाडी इतक्या जोरानं कधीच सुटली नव्हती. चिखल दोन्ही बाजूंनी उडत होता आणि पट्टा कुठंच घसरत नव्हता. बांधावर सगळ्यांनी हात वर केलेले मला दिसले. मी पाण्यात शिरले. पाणी पायांपर्यंत आलं तरी गाडी ओढत होती. मला आठवतं, मी हेल्मेटमध्ये हसत होते.

मग वळण आलं आणि मी पाय काढला. गाडी थांबली नाही. इंजिनाचा आवाज कमी झाला तरी ती धक्के देत पुढंच चालली, जणू कुणी दोरीनं ओढतंय. समोर बांध होता. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, पट्टा सुटला नाही, त्यानं इंजिनालाच धरून ठेवलं आणि ते बंद पडलं. मी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला. होईना. गाडी खाली रुतत चालली आणि पाणी सीटपर्यंत चढायला लागलं. मी सीटचे पट्टे सोडवत होते, पण चिखलानं हातमोजे घसरत होते.

पाण्यात सगळ्यांत आधी उतरले ते आप्पा. त्यांनी पँटसुद्धा वर केली नाही. बूट बांधावर सोडून ते सरळ आले, मांडीपर्यंत चिखलात. त्यांच्यामागं मुलं. आप्पांनी माझ्या खांद्याला हात लावून बघितलं, मग गाडीच्या पाइपला खांदा दिला. बांधावरून मामा "एक दोन, एक दोन" म्हणत होते.

झाकण उघडलं तेव्हा वास आला आणि मला तो लगेच ओळखू आला. तबकड्यांवर पिवळसर, चकचकीत थर बसला होता. पट्ट्याच्या कडा काळ्या पडून त्याचे तुकडे निघत होते. कॅप्टननं बोट लावलं. बोट चिकटलं.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "कुणी काय लावलंय ह्याला?"

आप्पा मागं उभे होते, छातीपर्यंत चिखल लागलेले. ते पुढं आले.

"म्या लावली सर. राळ."

"राळ?" एका मुलानं विचारलं. "म्हणजे धुपात घालतात ती?" दोघंतिघं हसले. कॅप्टन हसला नाही. त्याच्याकडं आता एकच पट्टा उरला होता आणि स्पर्धा जवळ आली होती. त्यानं आवाज चढवला नाही. "काका, विचारायचं तरी," एवढंच म्हणाला.

"चुकलं सर," आप्पा म्हणाले.

ते 'सर' मला सहन झालं नाही. टीममध्ये आल्यापासून मी सगळ्यांसमोर कधी सलग बोलले नव्हते. तेव्हाही वाक्य मनात जुळलं नव्हतं. मी म्हणाले, "ते माझे वडील आहेत. आमची गिरणी आहे. तिथं पट्टा घसरला की राळ लावतात, आणि ती बरोबर असते. ह्या पट्ट्याला ती नको, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं नव्हतं, कारण ते मलाही नीट माहीत नव्हतं. फक्त लावायची नाही एवढंच माहीत होतं."

कॅप्टननं चिकट बोट कापडाला पुसलं. मग म्हणाला, "काकांना माहीत असायचं काही कारण नाही. ठीक आहे." मामा खुर्चीवरून म्हणाले, "आता काय, पट्टा बदला. पट्टा मेलाय, माणूस न्हाई मेलं. आनि त्या पावण्यास्नी पाय धुवायला पाणी द्या आधी."

तबकड्या साफ करायचं काम मी मागून घेतलं. आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. आम्ही दोघं रॉकेलात कापड बुडवून राळ काढत होतो. ती लवकर निघत नव्हती. आप्पांनी पुली हातात घेतली, फिरवून बघितली, दोन तबकड्या दाबल्या. त्या सरकल्या तशी त्यांची बोटं थांबली.

"हे सरकतंय," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला. दोन्ही तळहात समोरासमोर धरले आणि टॉवेल मध्ये घालून दाखवलं. तळहात जवळ आले की टॉवेल वर येतो. लांब गेले की खाली जातो, सुटा होतो. गिरणीतली पुली एकाच मापाची असते, म्हणून तिथं पट्ट्यानं फक्त धरून ठेवायचं. इथं त्यानं धरायचंही आणि सोडायचंही. राळेनं तो धरला, पण सोडेना. बोलता बोलता मला स्वतःलाच ते पहिल्यांदा पूर्ण कळलं.

आप्पांनी सगळं ऐकलं. आयुष्यात मी त्यांना काही शिकवत होते असं ते पहिल्यांदाच होत होतं, आणि मला वाटलं होतं तसं ते मुळीच वाटलं नाही. मला वाटलं होतं अभिमान वाटेल. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. नखांत राळ अडकली होती आणि ते ती कापडानं पुन्हा पुन्हा पुसत होते.

"मग ह्यो थोडा घसरायलाच पायजे म्हन की," शेवटी ते म्हणाले.

"हो. थोडा."

दुपारच्या एसटीला मी त्यांना सोडायला गेले. मामांनी त्यांना स्वतःची एक लुंगी दिली होती. ती नेसून, चिखलाची पँट पिशवीत घालून ते खिडकीशी बसले. शेजारच्या बाईनं लुंगीकडं बघितलं तसे म्हणाले, "चिखलात पडलो." भाकरी खाल्ली नाहीस, पिशवीत ऱ्हायली, एवढंच गाडी सुटताना मला खिडकीतून सांगितलं.

त्यानंतर फोनवर आप्पांनी पट्ट्याचं विचारणं बंद केलं. मी काढायचे विषय. झाकणाचं रबर बदललं, पाणी येणं थांबलं, आता पट्टा कोरडा राहतो. ते म्हणायचे, "बरं झालं." मी विचारायचे, गिरणीचा पट्टा कसा आहे? "हाय की." मी एकदा म्हणाले, आप्पा, इंजिन मोकळं फिरवून पट्टा सुकवायचा असतो, तुम्ही पावसाळ्यात मोटर रिकामी फिरवता तसंच. ते म्हणाले, "तुमचं तुमास्नी कळतंय आता. म्या काय सांगनार?" रागानं म्हणाले असते तर मी काही बोलले असते. ते अगदी साधेपणानं म्हणाले. आणि फोन आईकडं दिला.

टीममध्ये मात्र माझं थोडं बदललं. त्या दिवसानंतर पट्ट्याचं काही निघालं की कॅप्टन माझ्याकडं बघायचा. मी बोलायला लागले, हळूहळू, अडखळत. पुढच्या चाचणीत मी सगळं पाणी पार केलं. पट्टा धरत होता आणि सोडत होता. पलीकडच्या काठावर गाडी थांबवून मी मागं बघितलं, तर सगळे पाण्याच्या त्या बाजूला होते, उड्या मारत होते. मी हात वर केला. इतकं मोठं काही झालं होतं आणि ते आप्पांना सांगावंसं वाटत होतं, पण आमच्या फोनवर आता त्याला जागा नव्हती.

तरी मी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. हॉस्टेलच्या जिन्यात बसून. आईनं उचलला. ती गिरणीत होती.

"तुजा बाप काय फोन घेतोय आता," आई म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की तेच. पोरीच्या गाडीचा पट्टा, पोरीच्या गाडीचा पट्टा. दळनं पडून ऱ्हात्यात. कालच्याला तर दोन चाळन्या उलट्या करून दावत बसला हुता."

मला आधी कळेचना. मी म्हणाले, मला तर काहीच विचारत नाहीत.

"तुला कशाला इचारतील? थांब, कुनीतरी आलंय." तिनं फोन कुठंतरी ठेवला, बहुधा पिठाच्या डब्यावर, कारण आवाज पोकळ आला. फोन बंद केला नव्हता. मला आप्पा ऐकू येत होते.

"आपल्या पट्ट्याचं काम धरायचं," ते कुणाला तरी सांगत होते. "तिच्या पट्ट्याचं काम चढायचं आनि उतरायचं. चिकटला की मेला."

"आनि तू त्याला राळ लावलीस व्हय रं?" तो माणूस हसत होता.

"लावली म्हनून तर कळलं. न लावता तुला कळलं आसतं?"

मग त्यांनी इंजिनाकडच्या तबकड्यांचं सांगायला सुरुवात केली. वेग वाढला की त्या लांब होतात आणि हळू झाला की जवळ येतात, असं ते सांगत होते. ते उलटं होतं. चाळण्यांनीही त्यांनी ते उलटंच दाखवलं असणार. मी फोनमध्ये काही बोलले नाही.

"तसं कसं?" तो माणूस म्हणाला. त्यालाही शंका आली असावी. "पोरीला इचार की नीट."

"तिला कामं आसत्यात," आप्पा म्हणाले. "आन तुजं दळन."

गिरणी सुरू झाली आणि दुसरं काही ऐकू येईना. मला त्या दुपारी काहीच काम नव्हतं. दळण केवढं होतं कुणास ठाऊक. फोन कानाला लावून मी जिन्यात बसून राहिले, गिरणी थांबायची वाट बघत.